दोन दिवसांचं सामान

पोकलेनची लोखंडी सोंड पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोर येऊन थांबली, तेवढ्यात शिंपीकाका पोलिसांनी बांधलेल्या दोरीखालून वाकून आत शिरले.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळी इमारत रस्त्यापलीकडे उभी होती, म्हणजे इमारतीतली माणसं. प्रत्येकाच्या पायाशी एकेक पिशवी. इंजिनियर तपासणी करतील, भेगा बुजवतील, दोन दिवसांपुरतं सामान घेऊन उतरायचं, मग ज्यानं त्यानं आपापल्या घरी परत जायचं, असं परवा भोंग्यावरून सांगितलं होतं. आणि सांगणारा काही परका नव्हता, रोजचा भोंगेवाला होता.

पाणी कधी जाणार, डासांचा धूर कधी मारणार, कुणाचं पोर हरवलं, सगळं तोच रिक्षातून फिरत सांगायचा. दुपारी पाणी येईल असं तो म्हणाला की बायका नळाखाली बादल्या लावून मोकळ्या व्हायच्या, आणि पाणी यायचंच. पालिकेवर वस्तीतल्या कुत्र्याचाही विश्वास नव्हता. भोंगेवाल्यावर सगळ्यांचा होता. परवा त्याचा आवाज ऐकून अंथरुणाला खिळलेल्या आजीसुद्धा कुरकुर न करता खुर्चीत बसून खाली आल्या.

एकटे शिंपीकाका काही केल्या ऐकेनात. त्यांनी शेजारच्या दोघांना हाताशी धरलं आणि शिलाईचं मशीन जिन्यावरून खाली आणलं. ते पाहून भोंगेवाल्याला राहवलं नाही. माईकवरच म्हणाला, "काका, दोन दिवसांत कुणाचा कोट पुरा करताय? घर काय पळून चाललंय का?" अख्खी गल्ली हसली. काकाही हसले. ओशाळून मान हलवली आणि मशीन होतं तिथं वर नेऊन ठेवलं.

आता तेच मशीन आणायला ते निघाले होते.

"तो म्हातारा बघ कुठं चाललाय," पालिकेचे साहेब रिक्षापाशी येऊन भोंगेवाल्याला म्हणाले. "भिंत कधी खाली येईल सांगता येत नाही. बोलव त्याला. तुझं ऐकतात ही माणसं."

"साहेब, त्यांचं मशीन राहिलंय वर. पोट आहे त्यांचं त्याच्यावर. जरा थांबा, मी पळत जाऊन आणतो."

"आणि तुझ्या डोक्यात काही पडलं तर? मी निस्तरू?"

"तुम्ही दोन दिवस म्हणाला होतात."

"दोन दिवस म्हटलं नसतं तर उतरले असते का हे?" साहेबांच्या आवाजात राग नव्हता की काही नव्हतं. "बोलव लवकर."

भोंगेवाल्याला नवल वाटलं नाही, वाईट त्याचंच वाटलं. परवा त्यानं विचारलं होतं, नक्की दोनच दिवस ना, तेव्हा साहेब खिशात चष्मा शोधायला लागले होते. चष्मा नाकावरच होता.

त्यानं माईक तोंडाशी धरला. "काका, मागे फिरा. वर जाऊ नका."

काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. एक हात कठड्यावर. दुसऱ्या कुणी हाक मारली असती तर ते वर गेले असते, मागं वळूनही पाहिलं नसतं. ते थांबले. वर पाहिलं, रिक्षाकडे पाहिलं, आणि परत आले.

आणि मग काहीच झालं नाही. पोकलेनच्या चालकाची जेवणाची सुट्टी झाली होती. त्यानं इंजिन बंद केलं, उतरून सावलीत बसला आणि डबा उघडला. सावकाश जेवला. जेवणारच की, सकाळपासून उपाशी होता बिचारा. सगळी इमारत त्याचे घास बघत उभी राहिली. उघड्या खिडकीतून काकांचं मशीन दिसत होतं, सुईखाली अडकलेली कुणाच्या तरी सदऱ्याची निळी बाही लोंबत होती. ह्या वेळात मशीनच काय, काकांचं सगळं बिऱ्हाड खाली आलं असतं. हे सगळ्यांना कळत होतं. दोरीजवळ हवालदार काठी घेऊन उभा होता, आणि साहेब फोनवर बोलत होते.

चालकानं चूळ भरली, हात पुसले आणि वर चढला.

एकाच धक्क्यात खिडकी आत गेली. भिंत बसली तशी वरच्या मजल्यावरच्या घरांचे रंग उघडे पडले, एक पिवळं, एक गुलाबी. "आमचं गुलाबी," एक बाई शेजारणीला म्हणाली, जणू तिला माहीत नव्हतं. मशीन क्षणभर जागच्या जागी उभं राहिलं, मग जमीन कलली तसं घसरत गेलं. धुळीचा लोट आला आणि लोकांनी पदरांनी, रुमालांनी तोंडं झाकली.

शिंपीकाका रिक्षाला टेकून उभे होते. त्यांनी तोंड झाकलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भोंगेवाल्याला वाटलं.

तो खाली उतरला. "काका," तो म्हणाला, "मला परवाच कळलं होतं."

पोकलेन घरघरत होतं. काकांनी कानाशी हात नेला. "काय म्हणतोस?"

"परवाच कळलं होतं मला." ह्या वेळी आवाज आणखीच खाली गेला.

"ऐकू येत नाही रे ह्या आवाजात. भोंग्यावरून सांग ना, सगळ्यांनाच कळू दे." काका त्याच्याकडे आशेनं पाहत होते. "काही सोय झालीय का आमची?"

काकांच्या बोलण्यानं दोरीपाशी उभी असलेली माणसंही वळली. कुणी पिशव्या उचलल्या. खाली सोडलेल्या हातातला माईक अजून चालू होता. भोंगेवाल्यानं त्याचं बटण बंद केलं.