तिसरा अर्थ

मी पोळ्या लाटत होते आणि आकांक्षा ओट्याखाली फरशीवर मांडी घालून बसली होती. शाळेत बाईंनी एकाच इंग्रजी शब्दाचे तीन अर्थ विचारले होते. लेफ्ट.

"कुणी निघून गेलं, तर लेफ्ट. ताटात काही उरलं, तरी लेफ्टच," मी सांगितलं.

"म्हणजे मामा टेंभुर्णीला गेला, तो लेफ्ट. आन् त्यानं वांगं खाल्लंच न्हाई, ते पण लेफ्ट."

"बराबर."

आम्ही दोघी हसलो.

"आता तिसरा, सगळ्यात सोपा. लेफ्ट म्हणजे डावा. दाखव बरं तुझा लेफ्ट हँड."

तिनं उजवा वर केला.

"अगं, हा राइट. लेफ्ट दाखव."

जन्मापासून डावरी पोर, तिला डावा हात कळत नाही असं होणारच नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की तो हात तिनं मघापासून मांडीखाली दाबून ठेवला होता.

काल हळदीकुंकवाला तिनं बायकांना त्याच हातानं तिळगूळ दिला. मी सगळ्यांसमोर हसले आणि तिला आत नेऊन चिमटा काढला.

तिनं हळूच हात बाहेर काढला. मनगटावरचा डाग अजून लाल होता. मला तिच्याकडं बघवेना.

"नुसता दाखवून राह्यले, मम्मी," ती म्हणाली. "ह्यानं आता कुणाला काईच देत न्हाई मी."