डावी टाकी

मनिषाने तपासणीच्या नळीतल्या पाण्याचा रंग तिसऱ्यांदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. डावी टाकी पुन्हा पुढे होती.

सुकापूरच्या या मोठ्या सोसायटीचं सांडपाणी तिथल्याच दोन टाक्यांत शुद्ध करतात. पाण्यातला नायट्रोजन काढायला नव्याने सोडलेले जिवाणू आळसावले होते. त्यांना लोखंड दिलं की ते कामाला लागतील, असं प्रयोगासाठी आलेल्या मनिषाचं म्हणणं. दोन महिने ती उजव्या टाकीत लोहाचे क्षार मोजूनमापून घालत होती. डावीत काहीच नाही, कारण फरक कळायला एक टाकी कोरी ठेवावी लागते. उजवी सुधारली. पण कोरी डावी तिच्याही पुढे गेली! अकरा वाजता सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजीत येणार होते. त्यांच्यासाठी मनिषाने वहीत एकच वाक्य लिहिलं होतं: लोखंडाचा उपयोग नाही, प्रयोग बंद. लिहिताना तिला रडू आलं होतं.

टाक्या सांभाळणारे देवजीकाका मात्र लग्नघरातल्यासारखे खुशीत होते. "मॅडम, डावी पास झाली ना?"

"झाली, काका. तीच तर पंचाईत आहे. तिला मी काहीच दिलं नव्हतं."

"तुमी नाय दिलं," देवजीकाका लाजत हसले आणि डाव्या टाकीच्या कठड्याला बांधलेला दोर ओढू लागले. धापा टाकत त्यांनी जाळीची एक गोणी वर काढली. आत सळयांचे तुकडे, खिळे, पत्रे आणि सगळ्यांत वर गंजून लाल झालेला कोयता.

"हे कधीपासून आहे आत?"

"पयल्या दिवसापासून. तुमीच बोललात, पान्यात नवीन जीव सोडलेत, तान्ह्या पोरांवानी जपा. आमच्याकडं बाळंतिनीच्या उशाला कोयता ठेवतात, पोराला काय बाधत नाय. आन् इथं पोरं किती! एका कोयत्यानं काय व्हनार?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. लोखंड हरलंच नव्हतं. दोन्ही टाक्यांत तेच होतं, आणि भंगारातलं सरस ठरलं होतं. मनिषाने वहीतलं वाक्य खोडलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"पण काका, मग उजवीत का नाही सोडलंत?"

"तिला तुमी रोज देत व्हतात की. एका पोरीला देयाचं आन् दुसरीला नाय, हे आमाला बघवत नाय, मॅडम."