उघड्या बियांचं ताट

चटईवर दोन ताटं होती. एकात फळात मिटलेल्या बिया, दुसऱ्यात उघड्या. आई शाळेत विज्ञान शिकवायची. उद्याच्या तासाची तयारी चालली होती. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला धाकटा दूध पिऊन पेंगला होता.

पहिलीतली लेक मदत करत होती, म्हणजे लुडबुड. शेंग, सफरचंद, मिरची तिनं बरोबर टाकली. मग पाइनचा शंकूही त्याच ताटात.

"हा तिकडे हं, ताईसाहेब."

"का? बी आतच आहे की!"

आईनं शंकूचा एक खवला वाकवला. पातळ पंखाचं बी त्याच्यावर नुसतं टेकलं होतं. "बघ, फळ आहे का कुठे? पाइन, देवदार, सगळ्या सूचिपर्णी झाडांचं असंच. बी उघड्यावर."

"मग त्याला थंडी वाजते?"

तेवढ्यात धाकटा कुरकुरला. आई त्याला थोपटत राहिली आणि उत्तर राहूनच गेलं. लेकीनं शंकू ताटात आपटला.

"मी बोलायला लागले की ह्याचं सुरू!"

दारावरची बेल वाजली. आईनं बाळाला अलगद चटईवर निजवलं. "लक्ष ठेव हं, आलेच."

ती परतली तेव्हा धाकटा शंकूंच्या ताटाशेजारी उघडावाघडा पाय झाडत होता, अगदी खुशीत. आणि शेंगा-सफरचंदांच्या बाजूला लेक, दुपटं डोक्यावरून घट्ट लपेटून. ते जेमतेम गुडघ्यांपर्यंत पुरलं होतं.

"हे काय गं?"

"तो सूचिपर्णी झाला. मी फळात आहे."

आईला हसू फुटणार होतं. पण लेकीचे डोळे भरलेले दिसले, आणि ती खालीच बसली.

"अगं वेडाबाई, उघड्या बियांची झाडं काही कमी नसतात. उलट तीच आधी आली. फळंफुलं कितीतरी नंतरची."

दुपटं जरासं सैल झालं. "म्हणजे ती थोरली?"

"हो तर! थोरली. तुझ्यासारखी." जमलं, असं आईला वाटलं.

लेकीनं शंकूंकडे बघितलं. मग तिनं दुपटं पुन्हा घट्ट ओढून घेतलं. पावलं बाहेरच राहिली.

"म्हणून त्यांना कुणी झाकत नाही, होय?"