निमिषचा दहावा

पिंडाला कावळा शिवत नव्हता. राजा घाटाच्या पायऱ्यांवर ऊन चढलं, पत्रावळीवरचा भात सुकत चालला, आणि कावळे वरच्या कठड्यावर बसून माना वाकड्या करून नुसते बघत होते. काशीचे कावळे तसे खाऊनपिऊन सुखी. त्यांना आग्रह करावा लागतो.

गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल, तिचं वचन द्या, असं श्रीनिवास गुरुजींनी सुचवलं. निमिषचे वडील ढुंढिराज हात जोडून पुढे झाले. बहिणीचं शिक्षण पुरं करीन, म्हणाले. आईला जपीन, म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत.

विश्वेश मागे पाण्याचा तांब्या धरून उभा होता. निमिषचा शाळेपासूनचा दोस्त, हॉस्टेलात एकाच खोलीतला. पोर गेल्यापासून या घरात जे काही हललं ते त्याच्यामुळे. इस्पितळात तोच धावला, खांदा त्यानेच दिला, पाहुण्यांना स्टेशनवरून त्यानेच आणलं. स्वतः मात्र धड जेवला नव्हता. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं जो तो म्हणे, आणि विश्वेश मान खाली घाली.

राहिलेली इच्छा कोणती, ते खरं तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. विद्यापीठातल्या निमिषच्या खात्यावरून एके दिवशी अख्ख्या विभागाला एक मेल गेली. सोबत वर्गातल्या मालविकाचा, कॉम्प्युटरवर बनवलेला घाणेरडा फोटो. ती पोर घरी निघून गेली ती परत आलीच नाही. निमिष एकच सांगत राहिला, मी नाही केलं. मग तुझा पासवर्ड कुणाकुणाकडे होता, असं चौकशी समितीने विचारलं, तेव्हा मात्र तो गप्प बसला. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही हा तिथला पहिला नियम, आणि या भोळ्याने तो हॉस्टेलभर तिळगुळासारखा वाटलेला.

सुनावणीच्या दिवशी सकाळी तो घरी आला होता. आईजवळ काहीबाही बोलत बसला, पोहे तसेच टाकून उठला. समितीने त्याला विद्यापीठातून काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. परतताना त्याची स्कूटर ट्रकखाली आली. त्याचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं, असं पाहणारे सांगत होते.

शेवटी ढुंढिराजांनी ते बोलून टाकलं. "बाळा, तुझ्यावरचा डाग मी धुऊन काढीन. ज्याने केलं त्याला सोडणार नाही."

कावळे बसून राहिले.

ढुंढिराजांनी विश्वेशला पुढे ओढलं. "तू बोल रे. तुझं तो ऐकायचा."

विश्वेशने तांब्या खाली ठेवला. "निमिष, खरा माणूस मी शोधून काढतो," तो कसाबसा म्हणाला. तेवढ्यात कठड्यावरचा एक कावळा उडाला आणि नदीपार निघून गेला.

गुरुजींनी सुस्कारा टाकून दर्भ हातात घेतला. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिवायचा, अशी शास्त्रात सोय आहे. ढुंढिराज तोंड फिरवून रडू लागले. मुलगा अतृप्त गेला, याहून वाईट बापाला दुसरं काय कळायचं राहिलं होतं?

"जरा थांबा," वरच्या पायरीवरून निमिषची आई, प्रभावतीबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात बायका दहाव्याला घाटावर येत नाहीत, पण आज त्यांना कुणी अडवलं नव्हतं. त्या गुडघे धरत खाली उतरल्या. मुलाच्या पिंडापाशी वाकल्या, त्याच्या कानात सांगावं तसं काहीतरी हळू बोलल्या आणि बाजूला सरल्या. लगेच एक कावळा खाली आला आणि त्याने घास उचलला.

ढुंढिराजांनी गंगेला हात जोडले. विश्वेशही रडला. पोराच्या जिवाची घालमेल संपली म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं.

मंडळी आवराआवरीला लागली, तेव्हा विश्वेश काकूंना हात देऊन वर नेऊ लागला. अर्ध्यावर त्यांना धाप लागली म्हणून दोघं थांबले.

"काकू, असं काय सांगितलंत त्याला?"

त्यांनी एकदा खाली नवऱ्याकडे पाहिलं. ते ऐकू येण्याइतके जवळ नव्हते.

"त्या दिवशी सकाळी त्याने माझ्याकडे जे मागितलं होतं, तेच," त्या म्हणाल्या. "की विश्वेशचं नाव मी कुणालाही सांगणार नाही."