चढती रेषा

बाबांच्या ऑपरेशननंतर आई रोज संध्याकाळी त्यांच्या फोनमधला पावलांचा आकडा लेकीला कळवायची. लेक आकडेवारीचे प्रोग्राम लिहिणारी. नवा आकडा आधीच्या सगळ्या आकड्यांच्या यादीत घालून ती रोज रिग्रेशन, म्हणजे आकड्यांचा कल दाखवणारी रेषा, पुन्हा काढायची. रेषा दर वेळी वर चढायची, म्हणून तिने घरी जाणं दोनदा पुढे ढकललं.

चाळिसाव्या दिवशी ती न कळवताच पोचली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पायांच्या पार काड्या झालेल्या.

"आई, काल तर चार हजार पावलं झाली होती ना?" तिने विचारलं.

आईने गाऊनच्या खिशातून बाबांचा फोन काढून टेबलावर ठेवला.



"तू काळजी करत बसशील, म्हणून मीच चालत होते गं."