नवशिक्याची वही

बूट काढून मास्तर सरळ आतल्या खोलीत गेला. संगणकाचं बटण कपाटामागे होतं. ते त्यानं कुणाला न विचारता, हात घालून दाबलं.

मोजणीदारांनी हे पाहिलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बायकोनं सकाळीच सांगितलं होतं, "अहो, दहाला एक जण येतील, तुम्हाला संगणकावरचा खेळ शिकवायला. तेवढाच विरंगुळा." ठीक आहे. पण पहिल्यांदा घरात येणाऱ्याला बटण कुठे आहे हे कसं ठाऊक?

पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला हा माणूस. हद्दीचा दगड हातभर सरकवून वर साळसूदपणे चहा विचारणारे त्यांनी ढिगानं पाहिले होते. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला एक त्रिकोण काढला, मधे ठिपका दिला. मोजणीसाठी जिथं उभं राहायचं त्या जागेची ही खूण. नोकरी संपली तरी सवय सुटली नव्हती. महत्त्वाचं काही दिसलं की त्रिकोण. त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'बटण?'

"बसा," मास्तर म्हणाला. चाळिशीचा असेल, डोळे ओढलेले. त्यानं पिशवीतून एक जाड वही काढली, आत डोकावून ती लगेच मिटली. मोजणीदारांना काही दिसू नये अशी.

पडद्यावर हिरवा मुलूख उगवला. कडेनं सगळा अंधार.

"हे तुमचे लोक. यांचं राज्य उभं करायचं. एक खेळी तुमची, मग एकेक इतरांची. तुम्ही हे बटण दाबेपर्यंत जग जागचं हलत नाही."

"हे बरंय," मोजणीदार म्हणाले. खरोखरच बरं वाटलं त्यांना.

"पहिलं गाव लगेच वसवायचं. जागा शोधत भटकत बसलात की मागे पडलात. नदीकाठ बघा."

"नदीकाठ? पुरात जाईल की. टेकडी धरतो मी."

"तुम्ही टेकडीच धरणार," मास्तर हसला. मग सावरून म्हणाला, "म्हणजे, बरेच जण धरतात."

दुसरा त्रिकोण. 'टेकडी?'

मास्तर समजावत राहिला. आधी टेहळ्या पाठवायचा, म्हणजे अंधार हटतो. सैन्याआधी धान्य. सुरुवातीलाच भव्य इमारती बांधायला घेतल्या तर गाव उपाशी मरतं. शेजारी पहिल्या भेटीत शत्रूच वाटतो, पण लगेच अंगावर जायचं नाही. सगळं पाठ केल्यासारखं, आणि अडलं की वहीत डोकावून.

मोजणीदारांची बोटं मात्र भराभर चालत होती. न सांगता टेहळ्या निघाला, न सांगता शेत नांगरलं गेलं. अक्कल शाबूत आहे म्हणायची, त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बायको चहा घेऊन आली. त्यांच्या कपात साखर घालताना नेहमीसारखं "किती?" विचारलं. मास्तरला विचारलं नाही. त्याच्या कपात अर्धाच चमचा घातला आणि म्हणाली, "जेवूनच जा रे."

"रे?" मोजणीदार ताडकन म्हणाले. "परक्या माणसाला?"

"वयानं लहान आहेत हो," ती म्हणाली आणि ट्रे उचलून गेली. तिचे डोळे भरलेले वाटले. मास्तर तिच्यामागोमाग रिकामा कप घेऊन गेला. वही तिथंच राहिली.

मोजणीदारांनी कान टवकारले.

"किती दिवस ओढणार एकटी?" मास्तरचा आवाज. "तिकडची खोली तयार आहे. यांना आता हलवायलाच हवं."

"ते हे घर सोडायचे नाहीत. आणि खोटं सांगून नाही नेणार मी."

मोजणीदारांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणजे हे असं आहे तर! खेळ-बिळ सगळं निमित्त. त्यांना वेडं ठरवायचं, कुठल्याशा खोलीत नेऊन टाकायचं, आणि हे घर गिळंकृत करायचं. स्वतः जागा मोजून, स्वतः उभं राहून बांधलेलं घर. प्राण गेला तरी इथून हलणार नव्हते ते. आणि त्या वहीत त्यांच्याविरुद्धचा सगळा पुरावा असणार. चाल चुकली, लिहून ठेवलं. विसरले, लिहून ठेवलं.

त्यांनी वही ओढली.

पहिल्या पानावर मथळा होता, 'नवशिक्यासाठी'. खाली नियम. पहिलं गाव लगेच वसवावं. टेहळ्या आधी. सैन्याआधी धान्य. प्रत्येक नियमापुढे एक त्रिकोण, मधे ठिपका.

अक्षर त्यांचंच होतं.

त्यांनी पानं उलटली. नियम संपले तिथं, त्याच टोकदार अक्षरात, त्यांनीच स्वतःला लिहिलं होतं:

'डॉक्टर म्हणतात, अजून काही महिने मला लिहिता येईल. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. हा खेळ मी त्याला शिकवला, तो दहा वर्षांचा होता तेव्हा. आता तो मला शिकवेल. रोज दहाला येणारा हा माणूस आपला मुलगा आहे. ज्या दिवशी मी त्याला विसरतो, त्या दिवशी मुलगा म्हणून सांगितलं की मी भांडतो, म्हणून तो परका होऊन येईल. तू त्याच्यावर संशय घेशील आणि ही वही चोरून वाचशील, हे मला माहीत आहे. तो त्याच्या घरी चला म्हणेल तेव्हा मुकाट्यानं जा. ही माझी इच्छा आहे. वाचलंस की खाली खूण कर.'

मोजणीदारांनी पेन्सिल उचलली. खाली त्रिकोणाला जागा नव्हती. त्यांनी पान उलटलं. तेही त्रिकोणांनी भरलेलं होतं, आणि त्यापुढचंही.