तो शब्द नको

पोलादपूरजवळच्या आमच्या गावात गावकीनं माझा सत्कार ठेवला होता. स्तनाच्या कर्करोगात गाठ शरीराच्या पहारेकरी पेशींनाच गप्प कशी बसवते, हे माझं संशोधन.

स्टेजवर गावकीचे अध्यक्ष रावजीकाका माझ्या कानाशी आले. “बाय, नुसतं कॅन्सर बोल. तो शब्द नको. समोर आयाबाया बसल्यात.”

मग त्यांची बायको, माझी काकी, ओटी भरायला आली. वाकून हळूच म्हणाली, “माज्या छातीत गाठ हाय गो. वरीस झालं. यांना सांगितलं, तर बोलले, गप ऱ्हा.”

मी माइक ओढून घेतला. “स्तनाचा कर्करोग!” शेवटच्या रांगेतल्या बाईलाही ऐकू जाईल असं म्हणाले. “गप्प बसवायचं काम गाठ करतेच, काका. तुम्ही कशाला तिला मदत करता?”